क्रोएट व सर्ब : भाषा निकट, वेदी दूर

बाल्कनमधील युद्धांना ‘धर्मयुद्ध’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत खरा, हे आपण पाहू.

क्रोएट व सर्ब हे दोन्ही स्लाव्ह समाज. एकाचे बोलणे दुसऱ्यास दुभाष्यावाचून समजते. भेद मुख्यतः उपासनेचा : क्रोएट कॅथॉलिक, सर्ब ऑर्थोडॉक्स. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रभावना जागी झाली, तेव्हा वेदी हीच राष्ट्रीयत्वाची खूण ठरली. वाद सिद्धांताचा नव्हता. भूमीचा व सत्तेचा होता.

१९४१ मध्ये सत्तेवर आलेल्या उस्ताशांनी यासेनोवात्सच्या छावणीत सर्ब, ज्यू व रोमा यांची हजारोंनी हत्या केली. त्या छावणीचा एक प्रमुख फ्रान्सिस्कन संघाने बडतर्फ केलेला धर्मगुरू होता. झाग्रेबचे आर्चबिशप स्टेपिनाच यांनी १९४३ मध्ये छावणीचा लेखी निषेध केला. पुढे १९९१ मध्ये सर्ब दलांनी वुकोवारच्या इस्पितळातून नेलेल्या सुमारे दोनशे जणांना ठार केले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये क्रोएट सैन्याच्या चढाईमुळे दीड लाखांहून अधिक सर्ब परागंदा झाले.

यावरून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे : बाप्तिस्मा जेव्हा कुळाची निशाणी होतो, तेव्हा शेजारी परका होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आपण विसरू नये.