चालत्या घराचे जुने जाणकार

अहिल्यानगर जिल्ह्यातले भिंगार पर्जन्यछायेत, पाणी इथे जपूनच वापरावे लागते. गाडीतच संसार थाटणाऱ्यांनी कमीत राहण्याचा हिशेब याच जिल्ह्यातल्या धनगरांकडून शिकावा. दिवाळीच्या सुमारास पारनेर-संगमनेरकडचे त्यांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे तांडे, मेंढरे घेऊन निघतात. जाळी, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, सगळे घोड्याच्या पाठीवर. पीक निघालेल्या रानात रात्री मेंढरे बसवली की लेंड्यांचे खत जमिनीला मिळते आणि शेतकरी त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. त्यांच्या मुक्कामाने रान सुपीक होते!

गाडीवाल्यांनी निदान सांडपाणी ओढ्यात सोडू नये, शौचटाकी उघड्यावर ओतू नये. विजेचे म्हणाल तर १०० वॉटचे सौर पॅनल लख्ख उन्हात दिवसाला साधारण ४०० वॉट-तास वीज देते; दिवे, छोटा पंखा, मोबाइल यांना तेवढी पुरते. भिंगारचा छावणी भाग लष्करी आहे, तिथे परवानगीशिवाय मुक्काम करू नका.