साध्या मजकुराची पथ्ये

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसरवरून जातो आणि पुढे मुंबई, पुणे करीत कोल्हापूर गाठतो. मानेसर हे मोटारींच्या कारखान्यांचे ठिकाण. तेथे नोकरीस असलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने आपल्या घराण्याची वंशावळ संगणकावर उतरवून कोल्हापूरच्या चुलत्यांकडे पाठविली, असे समजा. अक्षरे सुखरूप पोहोचतील काय? याचे उत्तर मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधील ‘सेटिंग्ज’ या सदरात दडलेले असते.

तेथील पसंती दोन जातींच्या असतात. काही केवळ डोळ्यांच्या सोयीच्या : अक्षराचा आकार, रंग, लांब ओळ पडद्याच्या कडेशी दुमडणे. त्या खुशाल बदलाव्यात. फाइलीतील एक चिन्हही त्यामुळे हलत नाही. दुसऱ्या जातीच्या पसंती मात्र फाइलीच्या अंतरंगालाच हात घालतात.

त्यांत पहिला मान एन्कोडिंगचा. संगणक अक्षरे जाणत नाही, आकडे जाणतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हा करार म्हणजे एन्कोडिंग. पूर्वी अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो फॉन्ट जवळ नसला की मराठी मजकूर निरर्थक रोमन दिसे. १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र आकडे दिले. ते साठविण्याची आज रूढ असलेली पद्धत यूटीएफ-८ होय. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात तीन अक्षरे व दोन मात्रा मिळून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट झाले.

हीच फाइल दुसऱ्या कराराने उघडली, तर विचित्र चिन्हांची गर्दी दिसेल. परंतु तेवढ्याने काही बिघडत नाही. योग्य पसंती निवडून पुन्हा उघडावी. खरा घात साठविताना होतो. विंडोजमधील नोटपॅडची मूळ पसंती २०१९ पर्यंत ‘अॅन्सी’ ही होती. इंग्रजी बेतणीच्या यंत्रावर तीत देवनागरीला जागाच नसते. प्रोग्रामची सूचना डावलून तसेच साठविले, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. त्यांतून मूळ नावे कोणासही परत काढता येत नाहीत.

यानंतर भाषेची पसंती. मानेसर हिंदी मुलखात आहे, आणि देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरणारी यंत्रे पुष्कळ. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून निराळे. फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असली, तरी मजकुराची भाषा मराठी असल्याचे प्रोग्रामला ठाऊक असावे लागते. यादी लावतानाही तसेच. युनिकोडच्या आकड्यांत ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लागलीच येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’ नंतर. म्हणून केवळ आकड्यांनी क्रम लावल्यास ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी बसतो, मराठी क्रमाने तो नंतर हवा.

तेव्हा लिहावयास बसण्यापूर्वी एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, हे पाहावे. चार ओळी साठवून, फाइल बंद करून, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. पाच मिनिटांचे हे काम. जे क्षय पावत नाही ते अक्षर, असे आपण म्हणत आलो. संगणकावर मात्र ते अक्षय राहावे, याची तजवीज लिहिणाऱ्यालाच करावी लागते.