गळ टाकायचा तर तिथी पाहावी का?

कोकणात अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, म्हणून तिथला कोळी तिथी पाहून होडी काढतो. तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीकडे, बावनथडी नदीवर किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावावर, भरती-ओहोटीच नाही. चंद्राचं काम उजेडापुरतं: काळोख्या रात्री माशाला जाळं कमी दिसतं, एवढाच हिशेब.

इथलं खरं पंचांग पावसाचं. नदीनाले वाहू लागले की पोटात अंडी घेऊन रोहू-कतला प्रवाहाविरुद्ध चढतात. उथळ पाण्यात त्यांच्या पाठी दिसतात, हात शिवशिवतात. पण एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. तेवढे दिवस जाळं खुंटीलाच बरं. थंडीत मासा सुस्तावतो, तेव्हा गळ दुपारी टाका, उन्हाळ्यात पहाटे. वीज कडाडत असेल तर मात्र काठी तिथंच ठेवून घर गाठा.