रोजच्या कपड्यांत हातमाग: कंपनीच्या बसपासून गोधडीपर्यंत



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हातमागावर बोलायचं म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. इथे गाड्या बनतात, कॉम्प्रेसर बनतात, सुटे भाग बनतात. विणकर कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. विणकामाची गावं म्हणून आपल्याला येवला, पैठण, सोलापूर, इचलकरंजी ही नावं आठवतात. भोसरी किंवा म्हाळुंगे आठवत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मोठे वाहन कारखाने आले आणि पुढे तळेगाव-चाकणपर्यंत हा पट्टा पसरला. तेव्हा इथे माणसं आली ती सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, नगर, खानदेश, विदर्भातून. काही सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोटकडून. ती रिकाम्या हातानं आली नाहीत. ट्रंकेत आईचं इरकल लुगडं होतं, अंथरुणात घोंगडी होती, गोधडी होती. म्हणजे इथे माग नसेल, पण अर्ध्या दख्खनचं कापड इथल्या कपाटांत आहे. आज आपल्याला त्या कपाटाबद्दल बोलायचं आहे: त्यातलं काय रोज अंगावर येतं, काय येत नाही, आणि का.

आधी पॉलिस्टरला न्याय देऊ

सकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभं राहून बघा. टेरिकॉटचे युनिफॉर्म, लेगिंग-कुर्ती, सिंथेटिक साड्या. यावर नाक मुरडणं सोपं आहे, आम्ही ते करणार नाही. एका खोलीत चौघं राहतात, कपडे वाळत घालायला एकच दोरी, तीन पाळ्यांची नोकरी. अशा घरात रात्री धुतलेला शर्ट सकाळी वाळलेला हवा आणि इस्त्रीशिवाय घालता यायला हवा. सुती कापड हे करत नाही. खळ घाला, पिळा, वाळवा, इस्त्री करा, हे सगळं काम घरातल्या बाईच्या वाट्याला यायचं. टेरिकॉटनं ते कमी केलं. त्यामुळे पॉलिस्टर घराघरांत शिरलं ते फक्त स्वस्त म्हणून नाही.

त्याची किंमत दुसरीकडे मोजली जाते. कापूस हवेतली आर्द्रता धरून ठेवतो. प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात असतं. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून एप्रिल-मे महिन्यात पॉलिस्टर अंगाला चिकटतं. त्यात हातमागाच्या कापडाची वीण यंत्रमागापेक्षा सहसा कमी ताणाखाली बसते, दोन धाग्यांमध्ये हवेला थोडी जागा राहते. गिरणीचं सुती कापडही घाम शोषतं, हे खरंच. पण ही मोकळी वीण उन्हाळ्यात अंगाला जाणवते.

‘हात’ नेमका कुठे लागला?

‘हँडमेड’, ‘खादी’, ‘हातमाग’, ‘ब्लॉक प्रिंट’ हे शब्द दुकानात एकाच दमात वापरले जातात. चाकणच्या कारखान्यात माल आला की इनकमिंग इन्स्पेक्शन होतं ना, तसं इथेही करायचं. एकच प्रश्न चार वेळा विचारायचा: हात कुठे लागला?

सूत हातानं कातलं आणि कापडही हातानं विणलं, तर ती खादी. सूत गिरणीचं पण विणकाम हाताचं, तर तो हातमाग. कापड गिरणीचं पण छपाई लाकडी ठशांनी हातानं केलेली, तर तो हाताचा छापा. तिथे कसब छपाईवाल्याचं आहे, विणकराचं नाही. आणि यंत्रावर विणलेल्या, यंत्रावर छापलेल्या कापडावर नुसती ‘इकत’ची किंवा ‘अजरख’ची नक्कल असेल, तर हात कुठेच लागला नाही. ते कापड घेऊ नका असं नाही, पण हाताच्या कामाची किंमत त्याला देऊ नका.

हाच प्रश्न सोलापुरी चादरीला विचारा. ती प्रामुख्यानं यंत्रमागावर, जकार्ड लावून विणली जाते. यात फसवणूक काही नाही; सोलापूरचं नाव त्या चादरीनं रास्तपणे कमावलं आहे. फक्त तिला हातमाग म्हणू नये.

आपल्या कपाटातले चार नमुने

पहिलं इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावाचं हे लुगडं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या शेतात, बाजारात, घरात रोज नेसलं गेलं. म्हणजे हे मुळात सणाचं वस्त्र नाही, कामाचं आहे. पारंपरिक इरकलीचं अंग सुती, पदर रेशमी. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो आणि ते दोन्ही धाग्यांच्या कोंड्या एकमेकींत अडकवून जोडले जातात. जिथे रोज झीज होते तिथे सूत, जिथे लोकांची नजर जाते तिथे रेशीम. आपल्या इंजिनिअर मंडळींना हा हिशेब लगेच पटेल.

दुसरा खण. हाही बागलकोट जिल्ह्यातला, गुळेदगुड्डचा. चोळीपुरतं अरुंद पन्ह्याचं कापड, अंगभर बारीक नक्षी, दोन्ही बाजूंना काठ. ओटीत नारळाबरोबर जातो तो हाच. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, झबली, पर्स, तोरणं सगळीकडे दिसू लागली. आनंदाची गोष्ट आहे, पण इथेच मेख आहे. साडीच्या पन्ह्याचा, शेकडो मीटर एकसारखा निघणारा खण बहुतेक यंत्रमागाचा असतो, त्यात पॉलिस्टरही असतं. फॅशन खणाची झाली, मागणी यंत्रमागाकडे गेली. नक्षी जगली म्हणजे विणकर जगला असं होत नाही.

तिसरी पैठणी. हिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही रोजची नव्हे. पण पारख करायला उत्तम. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, आसावली हे सगळं वेगवेगळ्या रंगांचे धागे हातानं एकमेकांत गुंतवून विणलेलं असतं. म्हणून पदर उलटून पाहिला तर नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील, कातरलेले असतील किंवा जाळी लावून झाकलेले असतील, तर ती यंत्रमागाची नक्कल समजावी.

चौथी गोधडी. हिला आपण कलाकुसर म्हणत नाही, कारण ती घरची आहे. सुती लुगडं जुनं झालं की त्याचं बाळासाठी दुपटं, मग गोधडीचा थर, शेवटी पायपुसणं. एका कापडाचा असा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास असायचा. सिंथेटिक साडीची गोधडी शिवून बघा. सुई सटकते, थर घसरतात, बाळाच्या खाली घातली तर ओल शोषत नाही. रोजचं सुती वस्त्र कपाटातून गेलं तेव्हा त्याच्यामागून गोधडीही गेली. आज तीच गोधडी हस्तकला म्हणून चांगल्या किमतीला विकली जाते, आणि शिवायला जुनं सुती कापड मिळत नाही म्हणून नवं आणावं लागतं!

किमतीचं गणित

आता मुख्य मुद्दा. ‘हातमाग महाग असतो’, हे वाक्य आपण रोज ऐकतो. गणित मांडू. समजा, एक विणकर साधं कापड दिवसाला चार मीटर विणतो. त्याला दिवसाचे पाचशे रुपये सुटावेत एवढीच माफक अपेक्षा धरू. मीटरमागे विणाईचे १२५ रुपये झाले. कुर्त्याला अडीच मीटर लागलं, तर नुसती विणाईच ३१२ रुपये. त्यात सूत, रंग, ताणा भरण्याची मजुरी, शिलाई, दुकानाचं भाडं अजून धरलेलंच नाही. म्हणून कुणी ‘अस्सल हातमागाचा कुर्ता अडीचशे रुपये’ म्हणालं, तर दोनच शक्यता: तो हातमाग नाही, किंवा विणकराला पाचशे मिळालेले नाहीत.

आणि बहुतेकांना ते मिळतच नाहीत. २०१९-२०च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात विणकर आणि पूरक कामगार मिळून सुमारे ३५ लाख माणसं या कामात आहेत. विणकरांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांहून कमी. यातले मोठ्या संख्येनं विणकर आसाम आणि ईशान्येकडचे आहेत, तिथे बऱ्याच घरी स्वतःपुरतंही विणतात, हे धरूनही आकडा गंभीरच आहे.

आता हा आकडा चाकणच्या शेजारी ठेवा. इथे कंत्राटी कामावर लागलेला पोरगाही याहून जास्त कमावतो. विणकराच्या मुलानं मागावर बसावं की पुण्याची बस धरावी? त्यानं बस धरली तर त्याला दोष कसा देणार? आपण तरी दुसरं काय केलं? म्हणून ‘परंपरा जपा’ असं त्याला सांगण्यात अर्थ नाही. माग चालू ठेवणं परवडलं, तरच तो चालेल.

कायद्याचं संरक्षण आहे. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्यानं काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या. सुरुवातीला त्या २२ होत्या, आता ११ आहेत. विशिष्ट प्रकारच्या साड्या, धोतर, पंचे-टॉवेल, लुंगी, सतरंजी, शाली अशा. पण गिऱ्हाईकालाच फरक कळत नसेल, तर बाजारात कायदा एकटा पुरा पडत नाही.

मग आपण करायचं काय?

लग्नाला एक पैठणी घेऊन माग चालत नाही. विणकराला लागतं ते बारमाही काम. वर्षात एक पंधरा हजारांची साडी घेतली तर एका कुशल माणसाला काही काळ काम मिळतं. टॉवेल, पंचा, चादर, कुर्त्याचं कापड, मुलाचं झबलं अशा साध्या वस्तू पुन्हा पुन्हा घेतल्या, तर साध्या मागांनाही काम राहतं. त्यात नवा माणूस शिकतो, घरची बाई संसार सांभाळून विणते. म्हणून सुरुवात घरातल्या टॉवेलपासून करा. खर्च कमी, आणि वापर रोजचा.

शॉप फ्लोअरवर मात्र हट्ट नको. फिरत्या यंत्रापाशी ओढणी, पदर, सैल बाही धोक्याची. १९४८च्या कारखाना कायद्यातही चालत्या यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्यानं घट्ट बसणारे कपडे घालावेत असं म्हटलं होतं. तिथे युनिफॉर्मच बरा. ऑफिस, घर, प्रवास, सुट्टीचा दिवस, हे हातमागाचं क्षेत्र.

घेताना काय बघायचं? एक, हँडलूम मार्क किंवा खादी मार्क आहे का ते पाहा. दोन, किनार बघा. किनारीला कापलेल्या धाग्यांची झालर असेल तर तो हातमाग नाही, कारण हातमागावर धोटा आडवा धागा घेऊन परत फिरतो. किनार सलग असली म्हणून मात्र लगेच हातमाग ठरत नाही; धोट्याच्या यंत्रमागावरही ती तशीच येते. किनारीलगत टाचणीसारखी बारीक छिद्रं दिसली, तर ती कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची असू शकतात. तीन, आतल्या शिवणीतला एखादा धागा काढून, काळजी घेऊन पेटवा. सूत कागदासारखं जळून राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

धाग्यात मधूनच एखादी गाठ, रंगात किंचित उतार-चढाव, हे दोष नव्हेत. कच्चा रंग, तुटलेले धागे, कमी पन्हा, हे दोष आहेत. त्याबद्दल दुकानदाराशी जरूर भांडा. हाताचं काम म्हणून वाईट माल सोसायचा, हा विणकरावर उपकार नाही. त्यानं गिऱ्हाईक एकदाच येतं.

आणि शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं की आपण ‘हातमाग टिकत नाही’ म्हणतो, तो आरोप खोटा असतो. पहिले एक-दोन वेळा वेगळं धुवा. खळ निघून गेली की कापड मऊ होत जातं. हातमागाचं हे एक सुख आहे: पाचव्या धुण्यानंतरचं कापड नव्यापेक्षा चांगलं लागतं.

शेवटी एवढंच. महिन्याच्या पगारातून सगळं कपाट बदलायची गरज नाही आणि तसं करूही नये. जे आहे ते आधी वापरात काढा. आईचं इरकल प्लास्टिकच्या पिशवीत घडीवर विरतं, त्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी नेसून ऑफिसला जा. पुढचा टॉवेल घ्यायची वेळ येईल तेव्हा ‘हात कुठे लागला’ हा प्रश्न दुकानात मोठ्यानं विचारा. गिऱ्हाईक वारंवार विचारू लागलं, की दुकानदार पुढच्या खेपेला उत्तर घेऊन येतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.