पॅड मुका झाला तर...

कार्यक्रमाला तासभर उरलेला असताना इलेक्ट्रॉनिक ड्रमचा एखादा पॅड अचानक मुका होतो आणि वादकाच्या तोंडचे पाणी पळते. मात्र पॅडच बिघडला, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

पॅडच्या आवरणाखाली पिएझो नावाची पातळ चकती असते. काठीच्या आघाताने ती कंप पावते आणि क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. केबलमधून तो मोड्यूलकडे जातो व मोड्यूल ठरलेला आवाज काढते. दोष या तिन्हींपैकी कोठेही असू शकतो.

तो शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे अदलाबदल. शेजारच्या चालू पॅडची केबल काढून मुक्या पॅडला लावावी. आवाज आला तर पॅड निर्दोष आहे. मग संशयित केबल चालू पॅडला व त्याच्याच जोडणीला लावून पाहावी. आता शांतता असेल तर दोष केबलचा. आवाज आला तर मोड्यूलमधील जोडणीचा किंवा सेटिंगचा. पॅडच्या केवळ कडेचा आवाज येत नसेल, तर स्टिरिओऐवजी मोनो केबल लागली नाही ना, हे पाहावे.

एका आघाताला दोन आवाज आल्यास 'रीट्रिगर कॅन्सल' आणि शेजारचा पॅड आपोआप वाजल्यास 'क्रॉसटॉक कॅन्सल' थोडे वाढवावे. ते अति वाढवल्यास जलद वा हलके आघात गळतात.

पॅड उघडणे हा शेवटचा उपाय. बहुधा चकतीची तार सुटलेली आढळते. जादा केबल मात्र नेहमी जवळ असावी.