एकास चोवीस

नागपूर-रायपूर रस्ता साकोली सोडून देवरीकडे निघाला की मध्ये सडक अर्जुनी लागते. जुन्या लोकांच्या तोंडी अजून हा ‘सहा नंबरचा हायवे’ आहे. कागदावर तो आता ५३ क्रमांकाचा. जवळच्या कोहमारा फाट्यावरून एक वाट गोंदियाकडे जाते, दुसरी नवेगावबांधच्या जंगलाकडे. स्वतंत्र भारतात ज्या गाड्या घडल्या, त्यांतल्या बऱ्याच याच रस्त्यावरून धावल्या. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक आले, १९५७ पासून उत्तरपाड्याची अम्बॅसॅडर. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती जीप वनखात्याची ओळखच होऊन बसली. एसटीची लाल गाडी तर घरचीच.

या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करणे हा एक छंद आहे. मी त्याला अभ्यास म्हणेन.

छंदाचा पाया म्हणजे प्रमाण. एकास चोवीस म्हणजे खऱ्या फुटाला मॉडेलवर अर्धा इंच. एकास त्रेचाळीस हे प्रमाण खेळण्यातल्या ‘ओ’ गेज रेल्वेवरून आले. तिथे फुटाला सात मिलिमीटर धरत. अम्बॅसॅडरची लांबी ४३२५ मिलिमीटर; चोवीसने भागली की १८० येतात, म्हणजे गाडी तळहातावर बसते. पण खरी परीक्षा बारीक मापांत आहे. दार आणि बॉडी यांच्यातली फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर असेल, तर मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटरची हवी. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर चढला, तर खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर जाड लिंपण केल्यासारखे दिसते. म्हणून रंग पातळ करून फवारायचा, वाळू द्यायचा, दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचा आणि पुन्हा फवारायचा. इतके करूनही खऱ्या गाडीचाच रंग जशाच्या तसा मारला तर मॉडेल गडद भासते. त्यात थेंबभर पांढरा किंवा राखाडी मिसळावा लागतो.

मोटारींच्या सुट्या भागांचे तयार संच अमेरिकेत फोफावले. मिशिगनची एएमटी कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी एकास पंचवीस प्रमाणाच्या जाहिरात-गाड्या बनवत असे. १९५८ मध्ये तिने एकाच संचातून तीन तऱ्हांनी जोडता येईल अशी मोटार बाजारात आणली. आज टामिया, रेव्हेल या कंपन्यांच्या डब्यांतून पोर्श, फेरारी, मस्टँग हव्या तितक्या मिळतात. आपल्याकडे ओतीव धातूच्या गाड्या बनत. लिव्हरपूलच्या मेकॅनोने डिंकी टॉइजचे जुने साचे विकले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाली. साचे इंग्रजांच्या पसंतीचे, त्यामुळे जग्वार भारतात ओतली गेली. वनखात्याची जीप किंवा कोहमाऱ्याला थांबणारी एसटी ज्याला हवी, त्याने मेजपट्टी घेऊन ती स्वतःच मोजली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या हौशी मुलांनी हे केले आहे. सनबोर्ड, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक फुगे (हेडलाइटच्या काचेला याहून चांगले साहित्य मी पाहिलेले नाही) एवढ्यावर एसटीच्या अशा प्रतिकृती घडल्या आहेत, की फोटोत खऱ्या आणि खोट्या गाडीत फरक कळत नाही. मात्र एसटी सरळ रेषांची. अम्बॅसॅडरचे टप, बॉनेट, मडगार्ड सगळे दोन्ही दिशांनी वळते, आणि सनबोर्ड तसा वळत नाही. तिथे आधी लाकडाचा ठोकळा कोरावा लागतो. शिवणीचे लाकूड हलके, कोरायला मऊ आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे. ठोकळ्यावर तापवलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा ताणून बसवला की बॉडी तयार.

इथे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा हात कामी येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून आणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, घेतात. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असे सांगतात. त्या बैलाचे वशिंड आणि मानेची पोळी ज्याने कोरली आहे, त्याला मडगार्डची वळणे वेगळी शिकवावी लागत नाहीत. चाकावरची प्रतिकृती ही महाराष्ट्रात फार जुनी गोष्ट. १९७४ मध्ये दायमाबादला सापडलेला कांस्यरथ ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे; दोन बैल, आणि मागे उभा सारथी १६ सेंटिमीटरचा. त्याच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे. घडवणाऱ्याने जू, दांडी आणि चाके नीट पाहिली होती, याबद्दल तो रथ पाहणाऱ्याला शंका उरत नाही.

जीप सोपी दिसते, तरी फसवते. सीजे-थ्रीबी या जीपचे बॉनेट उंच आहे, कारण तिच्या इंजिनात आत घेणारी झडप वर, सिलिंडरच्या डोक्यात आहे. हे कारण ठाऊक नसले की हात आपोआप बॉनेट खाली आणतो आणि जीप दुसऱ्याच मॉडेलची होते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २०३२ मिलिमीटर, म्हणजे एकास चोवीस प्रमाणात ८४.७; ते चुकले तर बाकी सगळे बरोबर असूनही गाडी ओळखू येत नाही. रंगाचे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले पाणी बसते आणि लॅकर पांढुरके पडते. धान कापणीचे कोरडे दिवस सगळ्यांत चांगले.

मापे घेण्याची घाई मात्र केली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. जीप आणि बसगाड्या भंगारात जात आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. अम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. लांबी-रुंदी जुन्या माहितीपत्रकांत मिळेल. डॅशबोर्डाचा कोन, सीटच्या शिवणीतले अंतर, गॅरेजवाल्याने बदललेला बंपर, टपावरच्या कॅरियरच्या पट्ट्या, वाहकाच्या घंटीची दोरी कुठल्या कड्यातून जाते, हे कुठल्याच पत्रकात नाही. कोपऱ्यात गंजत पडलेली गाडी दिसली, की मालकाची परवानगी काढून आधी चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. मग जमिनीपासून बंपरची उंची, काचेचा उतार, आणि शक्य असेल तर बॉनेट उघडून आतल्या वायरिंगचे फोटो. प्रत्येक फोटोत गाडीला टेकवून एक पट्टी ठेवावी; पट्टी असली की पुढे कुणालाही त्या फोटोवरून माप काढता येते.