अतिउपसा

अर्थशास्त्राच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना 'ओव्हरकन्झम्प्शन' या शब्दापाशी मी दोन दिवस अडले. 'अतिउपभोग' लिहिलं आणि खोडलं. उपभोग म्हटला की डोळ्यांपुढे चैन येते, कपड्यांनी ओसंडणारी कपाटं आणि ताटात टाकलेलं अन्न. मला मात्र बाबांची संत्र्याची बाग दिसत होती.

आमचं गाव वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझ्या लहानपणी 50 फुटी विहिरीवर सगळी बाग भिजायची. संत्र्याच्या आंबिया बहाराला ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं. विहीर आटली तेव्हा बाबांनी 300 फुटांचं बोअर घेतलं, ते आटल्यावर 700 फुटांचं. शेजाऱ्यांनीही तेच केलं, कर्ज काढून. हा अतिउपभोग आहे असं मी एकदा बोलले आणि बाबा दुखावले. "पोरी, आपण कोणती चैन करून राहिलो वं?"

चैन नव्हतीच. 'अति' मात्र होतं, आणि ते मोजता येतं. पावसाचं वापरण्याजोगं जेवढं पाणी वर्षभरात जमिनीत मुरतं, त्याच्याशी भूजल विभाग उपसा ताडून पाहतो. उपसा 70 टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, 90 पर्यंत अंशतः शोषित, 100 पर्यंत शोषित. 100 ओलांडले की अतिशोषित. म्हणजे यंदा मुरलं ते संपवून आजोबांच्या काळातल्या पावसाला हात घातला. वरुड आणि मोर्शी हे तालुके या अतिशोषितांच्याच यादीत गेले. आमच्याकडे अशा भागाला 'ड्राय झोन' म्हणतात.

इंग्रजीत 'कन्झम्प्शन' हे एकेकाळी क्षयरोगाचं नाव होतं. झिजत संपून जाणं त्या शब्दातच आहे. आपल्या 'उपभोगा'त भोगणाऱ्याचं सुख आहे, संपणाऱ्या वस्तूची दखल नाही. म्हणून कष्टाने जगणाऱ्याला तो शब्द आपला वाटत नाही. 'उपसा' म्हटलं की विहिरीचा तळ दिसतो. समुद्रातले मासे असोत की जंगलातलं लाकूड, भरून येण्याच्या वेगापेक्षा काढण्याचा वेग वाढला की तो अतिउपसाच. मी अनुवादात तोच शब्द ठेवला.

अतिउपसा रोखताही येतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. तुमच्या तालुक्याचा उपसा किती टक्के आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा.